पान ओळखणारी मुलगी

११ ऑगस्ट

ताई,

मायन्यापाशीच अडले. 'प्रिय' लिहावं तर तू म्हणशील, आता कसलं प्रिय. 'तीर्थरूप' लिहावं तर तू मोठी असलीस तरी एवढी काही मोठी नाहीस. म्हणून नुसतंच ताई.

फोन तू उचलत नाहीस. घरी आले तर आई दारातच सांगते, 'झोपलीय गं ती,' आणि आतून तुझ्या सपातांचा आवाज येत असतो. आईला या वयात खोटं बोलायला लावू नकोस. तिला जमत नाही, तिचे कान लाल होतात. म्हणून हे पत्र.

तू वर्गात हजेरी घेत होतीस, मुंगीचं नाव घेतलंस, कुणी ओ दिली नाही. मग ऑफिसातल्या बाई येऊन म्हणाल्या, त्या मुलीचं नाव काल काढून नेलंय. सख्ख्या भाचीची बातमी तुला तशी कळली, चाळीस पोरांसमोर. आईनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती, आणि तिच्या बोलण्याचा सूर असा होता की रडायला मी हवं होतं.

तुला आधी का नाही सांगितलं? अगं, सांगितलं असतं तर तू मला पटवून दिलं असतंस! लहानपणापासून तू मला सगळं पटवत आलीस. केस कापणं, सायन्स घेणं, त्या चष्मेवाल्याला नकार देणं. आणि बहुतेक वेळा तुझंच बरोबर निघालं, हीच तर पंचाईत आहे. या वेळी मला पटवून घ्यायचं नव्हतं.

तू तिला मारलं नाहीस, रागावलीही नसशील. वर्गाचा नियम तो तिलाही नियम. ओळ वाचता येईपर्यंत उभं राहायचं, तर ती उभी राहायची. मला ती काही बोलली नाही, फक्त सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. पण तेवढ्यावरून मी नाव काढलं नसतं. जुलैत एका रविवारी तू आलीस ना, तिच्यासाठी तो पिवळा फ्रॉक घेऊन? तुझ्या पाठीवर चढून बसणारी पोरगी ती. फाटकाचा आवाज ऐकून खिडकीतून बघितलं, दारामागे जाऊन उभी राहिली, आणि मला हळूच म्हणाली, 'आई, बाई आल्या.'

शाळेत बाई आणि घरी मावशी, असं तूच तिला शिकवलं होतंस. घरात मावशी उरलीच नाही, ताई. तू ते ऐकलंस की नाही मला माहीत नाही. तू चहा अर्धा टाकून निघालीस.

तर आता मी तिला आपल्या रोपांच्या नर्सरीतच शिकवणार आहे. तुझे मेहुणे म्हणाले, 'गुलाबावर कलम बांधतेस तशी पोरीला अक्षरं बांधणार का?' मी म्हटलं, हो. ते म्हणाले, 'मग जूनपर्यंत. जूनपर्यंत वाचायला लागली नाही तर पुन्हा शाळा, पुन्हा पहिली, आणि रडायचं नाही.' मी म्हटलं, मुंगी नाही रडणार. तर म्हणतात कसे, 'मी तुझ्याबद्दल बोलतोय.'

शेडमधलं टेबल धुऊन घेतलंय. पहिल्या दिवशी अ अननसाचा झाला. मुंगी म्हणाली, 'मग अननसातला न कुणाचा?' याचं उत्तर तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात का?

तुझी धाकटी


६ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मला एकटीनं बोलायची सवय आहे, दिवसभर रोपांशीच बोलते.

मागचं पत्र टाकायला गेले तर पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'चालत गेलात तर आज पोचेल.' मी म्हटलं, माहितीय. त्यांनी शिक्का मारला. समजूतदार बाई आहे.

आता नीट बस आणि वाच. मुंगी वाचायला लागली!

तुला टोमणा मारत नाहीये. म्हणजे, मारतेय थोडासा. पण आनंद जास्त आहे. आपल्याकडे प्रत्येक कुंडीत नावाची प्लॅस्टिकची पट्टी खोचलेली असते ना, एक दिवस गिऱ्हाईक समोर असताना मी सहज विचारलं, 'मुंगे, ही कसली पट्टी?' वाकली, बघितलं आणि म्हणाली, 'मोगरा.' पुढची? 'पुदिना.' त्याच्या पुढची? 'जास्वंद.' जास्वंद, ताई! स ला व जोडलेला, वर अनुस्वार! ती गिऱ्हाईक बाई बघतच राहिली. म्हणाली, 'केवढी आहे हो ही? कुठल्या शाळेत?' मी म्हटलं, आमच्याच. जाताना त्या बाईनं गरज नसताना दोन कोरफडी जास्त नेल्या.

त्या दिवशी सगळ्यांना आईस्क्रीम. तुझे मेहुणे दोन वाट्या खाऊन म्हणाले, 'बुवा, मानलं.' बुवा कुणाला म्हणाले ते विचारलं नाही.

आता रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते. मला वाटायला लागलंय की ताई, तुमची पहिली उगाच वर्षभर लांबवता तुम्ही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण राहू दे. तू चिडलीस तर निदान उत्तर तरी देशील.

तुझी धाकटी


२४ सप्टेंबर

ताई,

मागचं पत्र फाडून टाकलं असशील तर बरं. नसेल तर आता फाड.

उन्हानं जुन्या पट्ट्यांवरची अक्षरं उडाली होती. मी बसून सगळ्या नव्या लिहिल्या, ठळक, आणि गठ्ठा मुंगीच्या हातात दिला. म्हटलं, जिची पट्टी तिच्या कुंडीत खोच. कामाचं काम आणि परीक्षेची परीक्षा. अर्ध्या तासात पळत आली, 'झालं!' मी बघितलंही नाही. एवढी खात्री होती माझी.

चार दिवसांनी एक आजोबा कुंडी हातात धरून आले. म्हणाले, 'बाई, मिरची म्हणून नेली. हिला कळ्या पांढऱ्या आल्यात आणि घर सगळं दरवळतंय.' मोगरा होता. मग मी रांगेतून फिरले. कोरफडीत गुलाब, लिंबात पुदिना, जास्वंदीत ओवा. सगळीकडे मनाला येईल तसं.

तिला शेडमध्ये बोलावलं. एक कुंडी ठेवली, तर लगेच म्हणाली, 'डाळिंब.' पान हातानं झाकलं आणि नुसती पट्टी पुढे केली. ती पट्टी बघतच नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. 'मोगरा?' असं विचारून थांबली, माझ्या तोंडावर काय उमटतंय ते बघून म्हणाली, 'गुलाब?' परत बघितलं. 'लिंबू?'

ताई, ती पानं ओळखत होती गं. नर्सरीतली यच्चयावत रोपं ती पानांवरून ओळखते, दुरूनसुद्धा. अक्षर एकही नाही.

मी म्हटलं, 'मग वाचता येतं असं का म्हणालीस?'

'मी नाही म्हणाले,' ती म्हणाली. 'मी मोगरा म्हणाले. वाचता येतं असं तूच म्हणालीस.'

मग हळूच म्हणाली, 'आणि मग तू आईस्क्रीम आणलंस.'

मी खताच्या गोण्यांमागे जाऊन रडून घेतलं. तिच्यासाठी नाही, ती बिचारी मला खूश ठेवायचं काम चोख करत होती. तुझ्या वर्गातही हेच चाललं असणार, नाही का? तिथे ओळखायला पान नव्हतं, फक्त तुझा चेहरा होता. आणि तुझा चेहरा, रागावू नकोस, पण आपल्या आजोबांच्या भुवया तुला आल्यात. तू भाजी निवडत असलीस तरी कुणाला तरी फाशी देतेयस असं वाटतं.

मला शिकवता येत नाहीये. अ अननसापासून ज्ञ ज्ञानेश्वरापर्यंत मी सगळं भिंतीवर लावलंय आणि ती भिंत बघून जांभया देते. तू पंधरा पिढ्या, म्हणजे पोरांच्या म्हणतेय, शिकवल्यास. माझ्याशी बोलू नकोस, पण काय करू ते सांग.

धाकटी


९ ऑक्टोबर

ताई,

पत्र आलं! मायना नाही, खाली सही नाही, ख्यालीखुशाली नाही, दवाखान्यातून औषधं कशी घ्यायची ते लिहून येतं तसं. पण अक्षर तुझंच, ओळीवर तोलून ठेवलेलं. मी ते शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि हातातल्या झारीचं पाणी कुंडीतून वाहून पायावर आलं तरी कळलं नाही.

तू लिहिलंस, भिंतीवरचं सगळं काढ. काढलं. फक्त घ, र, म, ग, न, व घे. घेतले. गिऱ्हाइकासमोर काही विचारू नकोस. बंद केलं. रोज तिला काहीतरी वाचून दाखव, आणि मध्येच 'हे काय लिहिलंय' असं विचारून त्याची माती करू नकोस. हे तुला कसं कळलं की मी विचारते?

आणि ते शेवटचं. 'ती वाचत असताना तुझं तोंड तिला दिसू देऊ नकोस. तू शाबासकी ओठांवर घेऊन बसतेस.' आधी राग आला. मग आरशात बघून 'मगर' असं म्हणून पाहिलं. खरंच बसते.

तर आता आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसतो. ती कागद धरते, मी समोरच्या शेडनेटच्या हिरव्या जाळीकडे बघते. पहिले दोन दिवस ती वळून वळून बघायची, मी वळले नाही. तिसऱ्या दिवशी पाठीमागून आलं, 'घ... र.' मग बराच वेळ काही नाही. मग एकदम जोरात, 'घर! आई, हे घर आहे!' माझ्या पाठीला तिची पाठ थरथरलेली कळली. मी वळले नाही, ताई. तुझी शपथ, नाही वळले. पण ओठांवर काय होतं ते शेडनेटला विचार.

अजून एक. ती आता झारीनं फरशीवर लिहिते. मी सांगितलं नव्हतं. पाणी घालता घालता एक र काढला, बिघडला, तेवढ्यात उन्हानं वाळून गेला. तिला ते फार आवडलं. म्हणते, 'चुकलेलं कुणी बघायच्या आत जातं.' दिवसभर पाणी वाया घालवते म्हणून तिचा बाप कुरकुरतो, पण परवा त्यालाच फरशीवर बोटानं मिशा काढताना पकडलं.

'मगर' शिकल्यापासून तिनं स्वतः पट्टी लिहून पाण्याच्या टाकीपाशी खोचलीय. काल एक लहान मुलगा टाकीशी वाकून वाकून बघत होता आणि त्याची आई ओढत होती. दोघांपैकी एकाला वाचता येत होतं, एवढं नक्की.

पुढची अक्षरं कळव. मायना नाही लिहिलास तरी चालेल.

धाकटी


१८ नोव्हेंबर

ताई,

मायना आला! 'धाकटे,' असं लिहिलंस. आईनं फोनवर विचारलं, पत्रात काय होतं एवढं, हसतेयस कशाला? मी म्हटलं, काना-मात्रा.

काना झाला. काना म्हणजे रोपाला आधाराची काठी, हे तिचं तिनंच ठरवलं. मात्रा झाली. उकार जरा गडबडतो. पण गाडी रुतलीय ती पहिल्या वेलांटीत. 'किती' लिहिलं की वाचते 'इकती'. 'दिवा' म्हणजे 'इदवा'. मी समजावलं की वेलांटी आधी दिसली तरी बोलायची नंतर. तिनं कमरेवर हात ठेवले. 'का? ती आधी येऊन उभी राहिलीय ना? मग तिचा नंबर आधी.'

सांग, काय उत्तर देऊ? मला स्वतःला ते अन्यायाचं वाटायला लागलंय.

आठ-दहा दिवस तिथेच आहोत. काल तिनं कागद बाजूला सारला आणि म्हणाली, 'माझ्या पोटात दुखतंय.' शाळेच्या दिवसांतला तोच सूर, तेच शब्द. पुस्तकं उचलली, तिला मातीत सोडलं, आणि दिवसभर दोघींनी नुसत्या पिशव्या भरल्या. संध्याकाळी तुझ्या मेहुण्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यांचं बघणंही बोलण्यासारखंच असतं.

मला कधी कधी वाटतं ताई, की मी पोरीवर प्रयोग करतेय आणि फसला तर त्याचे दाम ती देईल. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही. तूच म्हणालीस ना आईजवळ, की मी पोरीचं नुकसान करतेय? मला कळलं ते. आईच्या पोटात काही राहत नाही. तू चूकच आहेस असं आता छातीठोक म्हणवत नाही.

दुसरं. आई म्हणते, महिना झाला तुझा आवाज बसलाय. वर्गात खडू आपटून शिकवतेस म्हणे. गुळण्या करतेय म्हणून सांगितलंस तिला. गुळण्यांनी जायचा असता तर गेला असता. दवाखान्यात जा. मी सोबत येते, बोलू नकोस हवं तर, तसंही आपण बोलतच नाही.

धाकटी


४ डिसेंबर

ताई,

तू कुणाला न सांगता घशाचं ऑपरेशन करून आलीस, त्याबद्दल मी तुला काय म्हणावं ते लिहिणार नाही, कारण हे पत्र मुंगीच्या हाती लागलं तर तिला ते शब्द आता वाचता येतील. हो, वेलांटी सुटली. तुझी बसथांब्याची गोष्ट लागू पडली. 'वेलांटी थांब्यावर आधी येते, पण म्हाताऱ्या अक्षराला आधी चढू देते.' हे ऐकल्यावर मुंगी म्हणाली, 'असं होय. मग चांगली आहे ती.' तेव्हापासून एकदाही चुकली नाही. महिनाभर मी डोकं आपटलं ते तू एका ओळीत सोडवलंस, आणि ती ओळ लिहिलीस तेव्हा तुझ्या घशात गाठ होती.

डॉक्टरांनी तुला अजिबात बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, कुजबुजसुद्धा नाही. इकडे आईला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं हवं तेवढंच येतं. एकीला बोलता येत नाही, दुसरीला ऐकू येत नाही. काल तू पाटीवर 'पाणी' लिहून दाखवलंस आणि आई चष्मा शोधायला गेली ती परत येईपर्यंत तू स्वतः उठून प्यायलीस, हे तिनंच सांगितलं, वर हसत होती. असं चालायचं नाही.

गाठीचा रिपोर्ट यायचा आहे, हेही तिनंच सांगितलं. तो येईपर्यंत तू तिकडे भिंतीकडे बघत बसणार, आणि मी इकडे मिरचीला पाणी घालत बसणार, आणि दोघी एकाच गोष्टीचा विचार करणार. मग एका घरात बसून का करू नये?

इकडे ये. आईलाही आण. पुढची खोली रिकामी केलीय. तुझे मेहुणे उद्या दुपारी रिक्षा-टेम्पो घेऊन येतील. टेम्पोत थोडं खत असेल, नाक धर.

मुंगीला सांगितलं, मावशी येणार आहे, तिला बोलता येत नाही. तर म्हणाली, 'मग ती रागावली तर कसं कळणार?' मी म्हटलं, लिहून दाखवेल. ती घाबरलीय, हे तुला आधीच सांगते. तुझ्यापासून लपवून आता काय मिळणार?

ये गं ताई. माझं भांडण अजून संपलेलं नाही, पण ते समोरासमोर करू. तू बोलणार नाहीस, म्हणजे पहिल्यांदा मी जिंकण्याची शक्यता आहे.

धाकटी


२० जानेवारी

ताई,

तू घरी गेल्यापासून शेड ओकीबोकी वाटतेय. आई चष्मा इथेच विसरलीय, पाठवते.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. तुला वाटतं ते फक्त तुम्हा दोघींना माहीत आहे. मला माहीत आहे. मी बघत होते.

पहिले काही दिवस ती तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर पाण्याचा पेला ठेवून पळायची. तू पाटीवर 'ये' लिहिलंस, तिनं पाटी बघितलीच नाही, तुझ्या भुवया बघितल्या आणि गेली. त्या दिवशी तू खिडकीकडे तोंड करून बसलीस ते जेवायलाही उठली नाहीस. मला वाटलं, मी तुला बोलावून चूक केली.

मग त्या दुपारी मी गिऱ्हाइकाला खत मोजून देत होते. शेडनेटमधून तुम्ही दोघी दिसत होतात. मुंगी मातीत बसली होती, तू स्टुलावर. तू पाटीवर काहीतरी लिहिलंस, आणि चेहरा केलास, तो, बापरे, मला माझी सहावीतली गणिताची वही आठवली. पाटी तिच्यासमोर धरलीस. तिनं तुझं तोंड बघितलं आणि मागे सरकली. तू पाटीवर टकटक केलंस आणि भुवया आणखी आवळल्यास. माझ्या हातातलं फावडं थांबलं. मी आत येऊन तिला उचलणार होते, खरंच सांगते. एक पाऊल टाकलंही होतं.

पण तिनं पाटीकडे बघितलं. तोंडावरून काही उमगेना म्हणून असेल. ओठ हलायला लागले. 'तु... झं... ना... क.' थांबली. 'मा... ती... चं... आ... हे.' मग हात नाकाला लावला. बोटाला माती आली. बोटाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. तू तशीच, फाशी देणारी. आणि ती हसली. अगं, काय हसली! मातीत लोळायला लागली. माझं गिऱ्हाईक म्हणालं, 'काय झालं हो?' मी म्हटलं, वाचतेय.

मग तू 'मी मगर आहे' लिहिलंस, आणखी रागानं. मग 'तुझा बाबा झोपेत गातो.' प्रत्येक वेळी चेहरा उग्र आणि पाटीवर काहीतरी येडचाप. तुझ्या तोंडावरून तिला आता काहीच ओळखता येईना. मग वाचण्यावाचून गत्यंतर काय? तू हे सगळं मुद्दाम केलंस, हे मला नंतर कळलं. मी तुला पत्रात लिहिलं होतं ना, ती चेहरे बघते म्हणून. तू ते लक्षात ठेवलंस आणि तुझ्या त्या बदनाम भुवया कामाला लावल्यास.

शेवटची पाटीही मी वाचली. गिऱ्हाइकाला उरलेले पैसे द्यायचे राहिले माझे. 'मला राग नाही. माझं तोंडच असं आहे.' ती दोनदा वाचली तिनं, बोट ठेवून. मग उठली आणि तुझ्या भुवयांवरून मातीच्या बोटांनी हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, इस्त्री करावी तसा. आणि स्टुलावर मागून चढून तुझ्या पाठीला लटकली.

तू हसलीस तेव्हा आवाज आला नाही. डॉक्टरांचं ऐकत होतीस.

रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी सगळे रडलो, त्यात माझं रडणं मोजलं गेलं. त्या दुपारचं, शेडनेटमागचं रडणं कुणी मोजलं नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

तुझी धाकटी


३ एप्रिल

प्रिय ताई,

बघ, 'प्रिय' लिहिलं.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला. बारीक आहे, थोडा फाटका, पण आहे. आई म्हणते तिला आता तुझं काहीच ऐकू येत नाही, आणि त्यावर तिची फारशी तक्रार दिसत नाही.

तू लिहिलंस की जूनमध्ये शाळेत परत बोलावलंय, गळ्यात छोटा माइक अडकवून शिकवायचं, जोर लावायचा नाही. आणि पुढे लिहिलंस, 'या आवाजाला कोण ऐकणार? चाळीस पोरं आहेत. मला वाटतं आता पुरे.' ताई, मी तुला काही पटवून देणार नाही, ते तुझं खातं आहे. एवढंच म्हणते, आमच्या शेडमध्ये तू आवाजाशिवाय काय केलंस ते मी डोळ्यांनी बघितलंय.

इकडे तुझ्या मेहुण्यांचा जून जवळ आला. मुंगीच्या वाचनाबद्दल आता त्यांना शंका नाही. बियाणांच्या पाकिटांवर काय लिहिलंय ते ती त्यांनाच वाचून दाखवते, सूचनांसकट, आणि 'बाबा, सावलीत ठेवा असं लिहिलंय, तुम्ही उन्हात ठेवलंय' असं म्हणते. ते म्हणतात, 'हिला शाळेत घाला, माझ्या मागचा ससेमिरा तरी सुटेल.' ते गमतीत म्हणतात. पण प्रश्न खरा आहे. तिला बरोबरीची पोरं हवीत. माझ्याशी आणि जास्वंदीशी बोलून ती मोठी होईल, पण कशी होईल? दुसरीकडे मला सकाळचं ते पोटदुखणं विसरता येत नाही. पाठवावं, तर कुठे? त्याच शाळेत की दुसरीकडे? मुंगीला शाळेत घालायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही, तूच सांग

हे वाक्य अर्धं राहिलं, कारण मागून आवाज आला.

'तू... च... सां... ग. कुणाला सांगायला सांगतेस?'

मी कागदावर हात ठेवला. ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती, किती वेळ ते देव जाणे.

'दुसऱ्याचं पत्र वाचू नये,' मी म्हटलं.

'दुसऱ्याचं कुठाय? इथे माझं नाव आहे. आणि इथे. आणि तुझ्या हाताखाली पण आहे.' मग म्हणाली, 'माझं विचारतेयस, तर मला विचार ना.'

ताई, आठ महिने मी तुला तिच्याबद्दल लिहीत आलेय. तुला विचारलं, नवऱ्याला विचारलं, पोस्टातल्या बाईंना विचारायचं तेवढं बाकी होतं. तिला विचारायचं मला सुचलं नाही.

विचारलं. 'शाळेत जाशील?'

'जाईन. मावशीच्या वर्गात.'

मला खरं वाटेना. 'त्याच वर्गात? परत पहिलीत? तिथे तिला बाई म्हणावं लागेल हं.'

'शाळेत बाई, घरी मावशी. मला कळतं तेवढं.'

'पण तिथेच का गं?'

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी लिंबाला पुदिना म्हटलंय. 'अगं, त्या पोरांना वाटतं बाई चिडल्यात. त्या चिडलेल्या नसतात, त्यांचं तोंडच तसं आहे. पण पोरांना अजून वाचता येत नाही, तर त्यांना कसं कळणार? मी सांगीन ना त्यांना.'

एवढं बोलून ती मातीत खेळायला गेली. मी पेन हातात धरून बसले, शाई कागदावर सांडेपर्यंत. तो डाग दिसतोय ना, तो तोच.

तर ताई, माझं काही म्हणणं नाही. तुझा आवाज चाळीस पोरांपर्यंत पोचेल की नाही ते तू ठरव, पण तुझ्या वर्गात एक दुभाषी यायला तयार आहे, एवढं तुझ्या कानावर घालते. तिला काय कळवू ते सांग. आणि यापुढे तुझ्या मेहुण्यांबद्दल काही वाकडं लिहायचं झालं तर जोडाक्षरांत लिहीत जा. तेवढीच अजून तिला अडतात.

तुझी,
धाकटी